पाठीतलं पाणी

आजचा विषय जरा जड आहे, हे आधीच सांगून ठेवते. घरात लहान मूल असेल त्यांनी तर मुद्दाम वाचा.

तापाने फणफणलेलं, आकडी येऊन गेलेलं मूल दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर म्हणाले, "पाठीतलं पाणी तपासावं लागेल," की घरच्यांचे चेहरेच बदलतात. आई रडायला लागते, बाप गप्प होतो, आणि गावाहून आलेलं कुणीतरी हमखास सांगतं, "पाठीत सुई मारू देऊ नका हो, आमच्याकडे एकाचं पोर तेव्हापासून लुळं पडलं." माझी पुतणी मुलांची डॉक्टर आहे. ती म्हणते, "आत्या, औषध लिहायला मला दोन मिनिटं लागतात. पण या एका सुईसाठी आजोबा, काका, मामा सगळ्यांची समजूत घालण्यात कधीकधी अर्धा दिवस जातो. आणि या आजारात अर्धा दिवस फार झाला."

तिचं बोलणं डोक्यात राहिलं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कुठल्याही गोष्टीबद्दल 'हे आलं कुठून?' असं विचारायची खोड आहे, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. म्हणून या सुईचा इतिहास धुंडाळत बसले. पुतणीला फोन करकरून भंडावून सोडलं ते वेगळंच.

आपण सरसकट 'मेंदूज्वर' म्हणतो त्यात खरं तर दोन आजार येतात. मेंदूवरच्या आवरणाला सूज आली तर एक, आणि मेंदूलाच सूज आली तर दुसरा. कधी दोन्ही एकत्र. कारणं अनेक, साधे जंतू, क्षयाचे जंतू, विषाणू. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं. ताप, उलट्या, किरकिर, आकडी, गुंगी. मोठा माणूस निदान 'डोकं फुटतंय' एवढं तरी सांगतो. सहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? आमच्या लहानपणी आकडी आली की कांदा फोडून नाकाला लावायचे, आणि तेवढ्याने भागलं नाही की दृष्ट, बाहेरची बाधा, अंगारा. त्या बायांना हसू नका. त्या काळी साहेबाच्या देशातले डॉक्टर तरी फार पुढे होते असं नाही.

१७६८ साली एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट नावाच्या डॉक्टरांचं 'मेंदूतल्या जलोदरा'वरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. आज वाचणारे सांगतात की ते वर्णन मुख्यतः क्षयाच्या मेंदूज्वराचं आहे. व्हिट यांनी मुलांची नाडी मोजून आजाराच्या तीन पायऱ्या ठरवल्या. आधी नाडी जलद, मग मंद, मग पुन्हा जलद, आणि त्यानंतर शेवट. इतकं बारीक निरीक्षण, पण हातात करण्यासारखं काही नाही. पुढे शंभराहून जास्त वर्षं डॉक्टर लक्षणांवरच चालले. १८८२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या केर्निग यांनी पाय सरळ करताना आखडतो ही खूण सांगितली. १९०९ मध्ये पोलंडच्या ब्रुडझिन्स्की या बालवैद्यांनी सांगितलं की मान पुढे वाकवली तर मूल आपोआप गुडघे वर घेतं. या खुणा डॉक्टर आजही बघतात. पण गंमत अशी, की वर्षाच्या आतल्या बाळात त्या बऱ्याचदा सापडतच नाहीत. मान ताठ नसते, ताप असेलच असंही नाही. असते ती टाळू. जिथे आपल्या आज्या रोज तेल भरतात, तीच जागा बाळ शांत असतानाही फुगून वर आलेली दिसते. ते दिसलं तर तेलाची वाटी बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा, असं पुतणीने बजावून लिहायला सांगितलं आहे.

आता सुईकडे येते. जर्मनीत कील नावाच्या गावी हाइन्रिश क्विंके हे प्राध्यापक होते. मेंदूत पाणी साचलेल्या मुलांच्या डोक्यातला दाब कसा कमी करावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मेंदूभोवतीचं पाणी आणि पाठीच्या कण्यातलं पाणी एकच, हे त्यांना ठाऊक होतं. मग कवटीला हात न लावता कमरेपाशी दोन मणक्यांच्या मधून सुई घालून पाणी काढलं तर? १८९१ साली वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही क्षयाच्या मेंदूज्वराच्या चार रुग्णांत कण्यातून पाणी काढलं होतं. चौघेही गेले. म्हणजे ही सुई मुळात आली ती उपचार म्हणून, आणि उपचार म्हणून ती जवळजवळ अयशस्वी ठरली. पण क्विंके यांनी काढलेलं पाणी फेकून दिलं नाही. त्याचा दाब मोजला, त्यातल्या पेशी पाहिल्या, प्रथिनं आणि साखर मोजली. सगळी गोम इथे आहे. मुलाला सांगता येत नव्हतं ते त्या पाण्याने सांगायला सुरुवात केली.

लुळं पडण्याच्या भीतीबद्दल इथेच सांगून टाकते. मज्जारज्जू पाठीच्या टोकापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, बाळात थोडा खाली, तिसऱ्यापर्यंत. सुई घालतात ती त्याच्याही खाली. तिथे नुसत्या नसांच्या बटा असतात, शरीरशास्त्रात त्यांना 'घोड्याची शेपटी' असंच नाव आहे. पाण्यात तरंगणाऱ्या केसांत सुई घातली की केस बाजूला सरतात, तशा त्या सरतात. पाणी काढतात तेही चमचाभर नाही. मोठ्या माणसात हे पाणी एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास, आणि दिवसाला तयार होतं पाचशेच्या आसपास. बाळात कमी, पण तिथेही ते सतत नवं होतच असतं. मग लुळी पडलेली मुलं लोकांनी पाहिली ती खोटी का? खोटी नाहीत. पण ती लुळी पडली आजाराने. सुई शेवटी शेवटी मारली गेली, म्हणून नाव सुईवर आलं. काही वेळा मूल फारच अत्यवस्थ असतं, किंवा डोक्यातला दाब फार वाढलेला असतो, तेव्हा डॉक्टर स्वतःच सुई पुढे ढकलतात. पण औषध मात्र तेव्हाही थांबवत नाहीत.

पाणी काय काय सांगतं ते ऐकून मी थक्क झाले. निरोगी पाणी स्फटिकासारखं स्वच्छ, आणि त्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश. साधे जंतू असले तर पाणी गढूळ, पेशी उदंड, साखर एकदम खाली. विषाणू असला तर पाणी स्वच्छ आणि साखर बहुतेक वेळा ठीक. क्षय असला तर पाणी दिसायला स्वच्छ, साखर कमी, आणि ते पाणी नळीत रात्रभर तसंच ठेवलं तर कधीकधी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ साय धरते. जुने डॉक्टर ते जाळं उचलून काचेवर घेत आणि त्यात क्षयाचे जंतू शोधत.

पण रोग कळला म्हणजे मूल वाचलं असं नव्हे. एक उपाय निघाला न्यूयॉर्कमध्ये. १९०४-०५ साली तिथे मेंदूज्वराची मोठी साथ आली होती. रॉकफेलर संस्थेच्या सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांना त्या जंतूंची टोचणी देऊन त्यांच्या रक्तातून रस, म्हणजे सीरम, तयार केलं आणि ते त्याच सुईवाटे थेट कण्यात सोडायला सुरुवात केली. पाणी बाहेर काढायची वाट आता औषध आत न्यायची वाट झाली. १९१३ मध्ये त्यांनी १,२९४ रुग्णांचा हिशेब छापला. मृत्यू ३०.९ टक्के. आधी दहातले सात-आठ जात, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं मोल कळतं.

हे झालं साथीच्या जंतूचं. तान्ह्या मुलांचा खरा काळ वेगळाच होता, आणि त्याचं नावच मुळात चुकलेलं! १८९२ साली रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत एक जंतू सापडला. हाच फ्लूचं कारण, असं समजून त्याला 'हिमोफिलस इन्फ्लुएंझी' नाव पडलं. पुढे १९३३ मध्ये माणसातला फ्लूचा खरा विषाणू सापडला, पण जंतूचं नाव तसंच राहिलं. शाळेच्या दाखल्यात एकदा चुकलेलं नाव जन्मभर चिकटतं ना, तसं. मार्गारेट पिटमन यांनी १९३१ मध्ये दाखवलं की यातल्या काही जंतूंच्या अंगावर साखरेचं वेष्टन असतं, त्याचे सहा प्रकार, आणि मुलांना मेंदूज्वर देतो तो 'बी' प्रकार. हाच आपला 'हिब'. १९३३ मध्ये बोस्टनच्या फॉदरगिल आणि जॉयस राइट या दोघांनी आणखी एक कोडं सोडवलं. हा आजार बहुतेक दोन महिने ते तीन वर्षं या वयातच का होतो? नवजात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली संरक्षक शक्ती असते. ती ओसरते आणि मुलाची स्वतःची अजून तयार व्हायची असते. मधल्या त्या उघड्या काळात जंतू गाठतो.

फ्लेक्सनर यांच्यासारखंच घोड्याचं सीरम इथेही करून पाहिलं, पण ते चाललं नाही. या आजाराची तान्ही मुलं जवळजवळ सगळीच जात.

इथे येतात हॅटी अलेक्झांडर, आणि या बाईंवर मी फिदा आहे. जन्म १९०१, बाल्टिमोरचा. कॉलेजात अभ्यास बेताचा, खेळात पुढे. माझ्या सगळ्या मागच्या बाकांवरच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं! पदवीनंतर काही वर्षं सरकारी आरोग्य खात्यात जंतुशास्त्राची नोकरी करून पैसे जमवले आणि मग जॉन्स हॉपकिन्समधून १९३० मध्ये डॉक्टर झाल्या. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत ही मुलं जात होती. न्यूमोनियासाठी सशांपासून केलेलं सीरम घोड्यांच्या सीरमपेक्षा बरं लागू पडतं, असं तेव्हा दिसू लागलं होतं. मायकेल हायडलबर्गर या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने अलेक्झांडर यांनी सशांचं सीरम हिबसाठी तयार केलं. १९३९ मध्ये त्यांनी अगदी शेवटच्या टोकाला गेलेली तान्ही मुलं पूर्ण बरी झाल्याचं प्रसिद्ध केलं. सीरमच्या जोडीला सल्फाची औषधं आली आणि काही वर्षांतच मृत्यू चार-पाच मुलांमागे एकावर आले.

मला जास्त आवडली ती त्यांची शिस्त. जंतू हिबच आहे का, हे पाहायला त्या वाढ होण्याची वाट बघत बसत नसत. पाण्यातल्या जंतूंवर सशाच्या सीरमचा थेंब टाकायचा. जंतू 'बी' असेल तर त्याचं वेष्टन सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेलं दिसतं, लगेच. आणि सीरम किती द्यायचं? तेही पाण्याला विचारून. पाण्यातली साखर जितकी खाली, तितका आजार जोरात, तितकं सीरम जास्त. अंदाजपंचे काही नाही. नंतर स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा काही जंतू त्याला दाद देत नाहीत हे त्यांनी लवकर टिपलं, आणि त्यामागे जंतूंतले आनुवंशिक बदल आहेत हेही सांगितलं. आज 'औषधाला दाद न देणारे जंतू' हा रोजच्या वर्तमानपत्राचा विषय झालाय. १९६४ मध्ये त्या अमेरिकन बालवैद्यक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, १९६८ मध्ये गेल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव मी तरी कधी पाहिलं नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा विषय निघालाच आहे, तर क्षयाच्या मेंदूज्वराचं सांगते, कारण आपल्याकडे मुलं जास्त त्याने गेली. १९४६च्या आधी हे निदान म्हणजे मृत्यूचा कागद. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचण्या केल्या. फुप्फुसाच्या क्षयात अर्ध्या रुग्णांना औषध देऊन, अर्ध्यांना न देता तुलना केली. मेंदूज्वराच्या रुग्णांत मात्र 'औषध न दिलेले' असा गट ठेवलाच नाही. न दिलं तर काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. १९४८ मध्ये अहवाल आला आणि काही मुलं जगली असं छापून आलं. पण काय किंमत देऊन! महिनोन्‌महिने दंडात-मांडीत इंजेक्शनं, आणि शिवाय पुन्हा पुन्हा पाठीत सुई, कारण हे औषध पाण्यात नीट उतरत नाही. त्यातून काही मुलांचे कान या औषधानेच गेले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. ते गोळीने पोटात गेलं तरी मेंदूच्या पाण्यात पोचतं, त्यामुळे ही यातना बरीच संपली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. उदानी आणि डॉ. दस्तूर यांनी मुलांच्या मेंदूतल्या क्षयावर केलेलं काम जगभर वाचलं गेलं. त्यांचा १९६६चा निबंध अशा मुलांवर आहे, ज्यांच्यात आवरणापेक्षा मेंदूच जास्त बिघडलेला असतो. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजीची लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नाही, यावर पुष्कळ टीका झाली. पण तान्ह्या मुलांच्या क्षयाच्या मेंदूज्वराला ती अडवते, आणि तेवढ्यासाठीही ती हवी.

पुतणीने सांगितलेली एक गोष्ट मधेच घालते. नागिणीच्या जातकुळीतला हर्पीस नावाचा विषाणू मेंदूला सूज आणतो. एके काळी त्याचं निश्चित निदान करायचं तर कवटी उघडून मेंदूचा कण काढावा लागे! १९८०च्या दशकात असायक्लोव्हिर हे चांगलं औषध हाती आलं. १९९०च्या दशकात पाण्यातल्या विषाणूचे गुणसूत्रांचे तुकडे वाढवून ओळखण्याची चाचणी रुळली आणि कवटी उघडायची वेळ गेली. कोविडमुळे ज्या 'पीसीआर'चं नाव पोराटोरांना पाठ झालं, तीच ही.

हिबच्या गोष्टीचा शेवट लसीने झाला. जंतूच्या वेष्टनातली साखर टोचून १९७०च्या दशकात फिनलंडमध्ये मोठी चाचणी केली, तर दीड वर्षाच्या आतल्या मुलांना उपयोगच होईना. इतकं लहान शरीर नुसत्या साखरेला ओळखत नाही. मग साखरेला प्रथिनाची जोड दिली. कल्पना गोबेल आणि एव्हरी यांची, १९२९ मधली. ती पन्नासेक वर्षं जवळजवळ पडून होती! रॉबिन्स आणि राशेल श्नीरसन, तसेच डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन या दोन जोड्यांनी तिच्यावरून लस केली. १९९० पासून अमेरिकेत ती दोन महिन्यांच्या बाळांना मिळू लागली. त्याआधी तिथे दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे वीस हजार मुलं हिबच्या गंभीर आजारांनी पडत. ते प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत आली, मग टप्प्याटप्प्याने इतर राज्यांत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला 'पेंटाव्हॅलंट' देतात ना, त्या पाचातली एक हिबची.

माझ्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा होता. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झालेला, त्यात कान गेलेले. हुशार, गणितात तर फारच. मी फळ्यावर लिहिताना बोलत नसे, लिहून झालं की त्याच्याकडे वळून बोलायची, कारण तो ओठ वाचायचा. पहिल्या बाकावर बसवलं म्हणून इतर मुलं चिडवायची. मूल वाचलं, एवढ्यावर सगळे समाधानी होते, कानांचं कुणी मोजत नव्हतं. १९८८ मध्ये डॅलसच्या डॉक्टरांनी दाखवलं की हिबच्या मेंदूज्वरात सूज उतरवणारं डेक्सामेथासोन लवकर दिलं तर बहिरेपण कमी येतं. त्याच्या वेळी हे असतं तर... असो. आता मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाचे कान घरी सोडण्याआधी किंवा लगेच नंतर तपासावेत असं सांगतात. घरचे विसरतात. तुम्ही विसरू नका.

आणि एक नाव आपल्याच मातीतलं. नागपूरजवळ चांदीपुरा गाव आहे. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला गावाचं नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूला सूज येणारी साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली, त्यातली पुष्कळशी एक-दोन दिवसांत. हाच विषाणू निघाला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तीच कथा, आणि नमुने पुन्हा पुण्याला. या विषाणूवर नेमकं औषध नाही, लस नाही. डॉक्टर करतात ते आकडी थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूवरचा दाब उतरवणं. पाणी इथे काय सांगतं? बहुतेक वेळा ते साफ असतं. म्हणजे हे साध्या जंतूंचं काम नाही, एवढंच सुईतून कळतं, आणि पुढचं नाव प्रयोगशाळेतून यावं लागतं. विषाणू नेते ती वाळूमाशी, डासाहूनही लहान. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. म्हणून साथीच्या गावांत आरोग्य खात्याची माणसं फवारणीचे पंप घेऊन फिरतात आणि घरोघरी भिंतींच्या भेगा लिंपून घ्यायला सांगतात.